गावाबाहेर जाणारा पैसा : ग्युसिंग नावाच्या ऊर्जाग्रामाचा इतिहास



ऊर्जेच्या विषयावर तत्त्वज्ञानाच्या माणसाने बोलावं हे काहींना खटकेल. यंत्रांमधलं मला फार कळत नाही, जेवढं समजून घेता आलं तेवढं सांगेन. पण या विषयात एक शब्द सारखा भेटतो, 'स्वयंपूर्ण गाव', आणि तो शब्द मात्र आमच्या दुकानातला आहे. त्याची उलटतपासणी आज करायची आहे. ती नुसत्या व्याख्यांनी होत नाही, म्हणून एका गावाचा इतिहास घेऊन बसू या.

आपल्याकडे गुजरातमधलं मोढेरा २०२२ मध्ये सौरग्राम म्हणून जाहीर झालं. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातल्या मान्याचीवाडीचं नावही तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचलं असेल. उदाहरणं चांगली आहेत, पण ताजी आहेत. इतिहास लिहायचा तर निदान एक पिढी उलटून जावी लागते. म्हणून मी लांबचं गाव निवडलं. तिथे यंत्र आलं, चाललं, जगभर गाजलं आणि बंदही पडलं. म्हणजे त्याचं सबंध आयुष्य आपल्यासमोर आहे.

गावाचं नाव ग्युसिंग. ऑस्ट्रियाच्या आग्नेय कोपऱ्यात, हंगेरीच्या सीमेला लागून. वस्ती चार हजारांच्या आतबाहेर. कागदोपत्री ते शहर आहे, आपण त्याला बाजाराचं गाव म्हणू. मध्यभागी एका विझलेल्या ज्वालामुखीच्या सुळक्यावर जुना किल्ला, खाली घरं, आणि भोवती टेकड्या आणि जंगल.

हा मुलूख १९२१ पर्यंत हंगेरीत होता. पहिल्या महायुद्धानंतर नकाशे नव्याने आखले गेले, त्यात जर्मन बोलणारा हा पश्चिमेकडचा पट्टा ऑस्ट्रियाला मिळाला आणि 'बुर्गेनलांड' हे त्याचं नाव रूढ झालं. पण त्या पट्ट्याची जी बाजारपेठेची शहरं होती, शोप्रोन, सोम्बाथेली वगैरे, ती हंगेरीतच राहिली. शेत एका देशात आणि बाजार दुसऱ्या देशात. आमच्या चंदगडकडच्या मंडळींना हे दुखणं वेगळं समजावून सांगायला नको. त्यांची तर नुसती राज्याची सीमा आहे. पुढे दुसरं महायुद्ध झालं, १९५५ पर्यंत हा भाग सोव्हिएत सैन्याच्या ताब्यात होता, आणि सीमेवर काटेरी तार आली. आता पूर्वेकडे रस्ताच नाही. देशाच्या टोकाला, कुंपणाला खेटून कारखाना कोण काढणार? आगगाडी नाही, मोठा महामार्ग नाही.

लोक काय करतात अशा वेळी? निघून जातात. बुर्गेनलांडमधून अमेरिकेला जाण्याची लाट एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुरू झाली आणि दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ती जोरात होती. सर्वांत जास्त माणसं शिकागोला गेली. ग्युसिंगमध्ये या स्थलांतरितांचं एक संग्रहालयसुद्धा आहे. गाव आपल्या गेलेल्या माणसांचं संग्रहालय उभारतं, यावरून किती माणसं गेली असतील याची कल्पना करा. पुढच्या पिढ्या इतक्या लांब गेल्या नाहीत, पण व्हिएन्नाला आणि ग्राझला जाऊ लागल्या. सोमवारी पहाटे जायचं, शुक्रवारी रात्री परतायचं. पुरुष बांधकामावर, घर बाईच्या आणि म्हाताऱ्यांच्या भरवशावर. कोकणातल्या ज्या घरांनी मुंबईच्या मनीऑर्डरीवर दोन-तीन पिढ्या काढल्या, त्यांना यातलं काहीच नवीन वाटणार नाही. मनीऑर्डर गावाला जिवंत ठेवते, वाढू मात्र देत नाही.

१९८० च्या दशकाच्या अखेरीला हा जिल्हा ऑस्ट्रियातल्या सर्वांत गरीब भागांपैकी होता. आणि इथे खरी गोष्ट सुरू होते, कारण त्या वेळी नगरपालिकेतल्या काही मंडळींनी एक हिशेब मांडला. राइनहार्ड कोख नावाचे एक विद्युत अभियंता त्यात होते. १९९२ मध्ये नगराध्यक्ष झालेले पेटर वाडाश हे दुसरे. हिशेब अगदी घरगुती आहे. गावात पैसा येतो कुठून हे सगळेच विचारतात. यांनी विचारलं, गावातून पैसा जातो कुठे? उत्तर निघालं: तेल, कोळसा, वीज. हिवाळा कडक, घर गरम ठेवल्याशिवाय जगता येत नाही, आणि ते गरम ठेवायला बाहेरून तेल विकत आणायचं. आजच्या चलनात वर्षाला साठ लाख युरोंच्या आसपास रक्कम एवढंसं गाव ऊर्जेसाठी बाहेर पाठवत होतं, असं तिथली मंडळी सांगतात. आणि डोळ्यांसमोर काय? जंगल. जिल्ह्याचा मोठा भाग झाडीखाली, त्यातलं लाकूड कुजत पडलेलं. व्हिएन्नात मजुरी करून शुक्रवारी आणलेला पैसा सोमवारी तेलाच्या टँकरबरोबर परत जात होता.

इथे मला वर्ध्याची आठवण काढायला हवी. मगनवाडीत बसून जे. सी. कुमारप्पांनी हेच वेगळ्या शब्दांत मांडलं होतं. १९४५ च्या सुमारास, तुरुंगात लिहिलेल्या 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' या पुस्तकात ते दोन प्रकारच्या अर्थव्यवस्था सांगतात: एक साठ्यावर जगणारी, दुसरी प्रवाहावर जगणारी. कोळसा आणि तेल हा साठा. तो उपसला की संपतो, आणि संपत आला की त्याच्यासाठी भांडणं होतात. ऊन, वारा, वाहतं पाणी, दरवर्षी वाढणारं झाड हा प्रवाह. मगनवाडीत रॉकेलऐवजी गावच्या घाण्याच्या तेलावर चालणारा 'मगनदीप' तयार केला होता तो याच विचारातून. आपण त्याला खादीवाल्यांचं वेड समजून विसरलो. ग्युसिंगच्या मंडळींनी कुमारप्पा वाचले असण्याची शक्यता जवळपास शून्य. पण गरिबी माणसाला कधी कधी तोच हिशेब शिकवते.

१९९० मध्ये नगरपालिकेने ठराव केला: खनिज इंधन पूर्णपणे सोडायचं. ठराव करायला पैसे लागत नाहीत, असं कोणी म्हणेल. खरं आहे. पण पुढे त्यांनी कुठून सुरुवात केली ते बघा, मला तो सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणा भाग वाटतो आणि नेमका तोच भाग कौतुकाच्या लेखांत दोन ओळींत उरकला जातो. त्यांनी सुरुवात यंत्राने केली नाही, काटकसरीने केली. सरकारी इमारतींच्या भिंती-खिडक्यांतून उष्णता कुठे गळते ते शोधलं, ती गळती बुजवली, रस्त्यावरचे दिवे बदलले. सार्वजनिक इमारतींचा ऊर्जाखर्च जवळपास निम्म्यावर आला. यात काही दाखवण्यासारखं नाही, फीत कापता येत नाही. बुजवलेल्या फटीचं उद्घाटन कोण करणार?

मग लहान लहान प्रयोग. ग्लासिंग, उर्बर्सडोर्फ अशा आसपासच्या वाड्यांमध्ये लाकडावर चालणारी छोटी उष्णताकेंद्रं. एका ठिकाणी भट्टी, तिथे पाणी तापवायचं, जमिनीखालच्या नळांनी ते घरोघरी फिरवायचं, घर गरम करून ते पाणी परत भट्टीकडे. मोहरीच्या कुळातल्या रेपबियांपासून डिझेल करायचा कारखानाही काढला. आणि १९९६ मध्ये खुद्द ग्युसिंगसाठी मोठं उष्णताजाळं सुरू झालं. लाकडावर चालणाऱ्या अशा केंद्रांमध्ये ते त्या वेळी युरोपातल्या मोठ्यांपैकी एक होतं.

पैसा कुठून आला? आडपडदा न ठेवता सांगायला हवं. ऑस्ट्रिया १९९५ मध्ये युरोपीय संघात गेला आणि मागास प्रदेशांसाठीचा सर्वांत मोठ्या मदतीचा दर्जा ऑस्ट्रियात एकट्या बुर्गेनलांडला मिळाला. ग्युसिंगची योजना तयार होती, म्हणून मदत आली तेव्हा ती घेता आली. पण मदत होती. 'गावाने स्वतःच्या बळावर केलं' ही कथा अर्धी खरी आहे.

लाकडाबद्दल थोडं बोलायला हवं. हंगेरीच्या काळापासून तिथे जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटण्याची रीत. म्हणजे जंगलाचे पट्टे पट्टे झालेले, एकेकाच्या वाट्याला अरुंद चिरोट्या. आपल्याकडे तुकडेबंदीचा कायदा का करावा लागला हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही अडचण कळेल. दोन पट्ट्यांचा मालक व्हिएन्नात, तो जंगल साफ करायला येणार कधी? जंगलमालकांच्या संघटनेने हे काम अंगावर घेतलं. विरळणी करायची, वाकडंतिकडं लाकूड, फांद्या, गिरणीचा भुसा गोळा करायचा, त्याचे तुकडे करून भट्टीला द्यायचे. ज्या लाकडाला काल भाव नव्हता त्याला आज गिऱ्हाईक मिळालं, तेही दोन-चार मैलांवर. गावाचा पैसा गावात फिरू लागला म्हणजे काय, तर हे.

स्वस्त आणि खात्रीची उष्णता आहे म्हटल्यावर लाकडी फरशा बनवणारे मोठे कारखाने आले. त्यांना लाकूड वाळवायला उष्णता लागते, आणि त्यांच्याकडे कापकामाचा कचरा निघतो तो पुन्हा भट्टीला चालतो. देवाणघेवाण जमली. पुढच्या पंधरा वर्षांत पन्नासच्या आसपास उद्योग आणि प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हजारभर नोकऱ्या, असा तिथला दावा आहे. आकडा थोडा इकडेतिकडे धरला तरी चार हजारांच्या गावाला ही लहान गोष्ट नव्हे.

आता ते प्रसिद्ध यंत्र. व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठातले प्राध्यापक हेरमान होफबाउर यांनी लाकडापासून वायू करण्याची एक पद्धत विकसित केली होती. प्रयोगशाळेत ती चालत होती, मोठ्या प्रमाणावर कोणी करून बघायला तयार नव्हतं. ग्युसिंग तयार झालं. २००१ मध्ये प्रकल्प सुरू झाला. पद्धत समजायला सोपी आहे. फुटाणे भाजणारा भडभुंज्या डोळ्यांसमोर आणा. तापलेली वाळू, साधारण साडेआठशे अंश सेल्सिअसची, आणि तिच्यात लाकडाचे तुकडे. हवा नाही, वाफ सोडायची. हवा नाही म्हणून लाकूड पेटत नाही, त्याचा वायू होतो. उरलेला कोळसा वाळूबरोबर शेजारच्या दुसऱ्या कोठीत जातो, तिथे तो जळतो, वाळू पुन्हा तापते आणि पहिल्या कोठीत परत येते. वायू स्वच्छ करून इंजिनात, इंजिनावर जनित्र. आत जाणारं लाकूड सुमारे आठ मेगावॉटचं. त्यातून दोन मेगावॉट वीज आणि साडेचार मेगावॉट उष्णता. ती उष्णता गावाच्या नळांत.

हे चाललं. एक-दोन महिने नव्हे, वर्षानुवर्षं चाललं, आणि शास्त्रज्ञांच्या दृष्टीने ते मोठंच यश होतं. त्या वायूपासून स्वयंपाकाच्या गॅससारखा मिथेन करून दाखवला, द्रव इंधनाचे प्रयोग झाले. जगभरातून पाहुणे येऊ लागले, आठवड्याला शेकड्यांनी. हॉटेलं भरली. आर्नोल्ड श्वार्झेनेगर येऊन गेले. ते मूळचे शेजारच्याच प्रांतातले. 'स्वयंपूर्ण गाव' हे शब्द सगळीकडे छापून आले.

आणि २०१६ च्या ऑक्टोबरात ते यंत्र बंद झालं.

काय बिघडलं? यंत्र बिघडलं नाही, हिशेब बिघडला. लाकडाच्या वायूपासून केलेली वीज महाग पडते. ती चालावी म्हणून सरकारने अशा विजेला ठराविक वर्षांसाठी चढा खरेदीदर कायद्याने बांधून दिला होता. मुदत संपली. आता बाजारभावाने वीज विका, असं झाल्यावर ते शक्य नव्हतं, कारण युरोपात विजेचा घाऊक भाव त्या वर्षांत पडलेला होता. दुसरीकडे लाकडाचा भाव वर गेलेला. तो का वर गेला? कारण ग्युसिंगसारखं करायला सगळेच निघाले होते. फांद्या आणि भुसा यांना आता सगळ्या देशात गिऱ्हाईक होतं. स्वतःच्या यशाने स्वतःचं इंधन महाग करून घेतलं, असा हा विलक्षण प्रकार. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला याच पद्धतीवर कितीतरी मोठा प्रकल्प उभा राहिला, त्याचंही उत्पादन २०१८ मध्ये थांबवलं गेलं. तिथेही तंत्र चाललं होतं आणि पैशाचं गणित चाललं नव्हतं.

त्यानंतर दोन प्रकारचे लेख आले. एक, 'फुगा फुटला'. दुसरा, 'सरकारने दगा दिला'. मला दोन्ही पटत नाहीत.

आता आमच्या दुकानातला शब्द. स्वयंपूर्णता आणि स्वायत्तता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्या सर्रास एकमेकींच्या जागी वापरतो. स्वयंपूर्ण म्हणजे मला लागतं ते सगळं माझ्याकडे आहे. स्वायत्त म्हणजे माझ्याबद्दलचा निर्णय मी घेतो. कांटने ज्याला स्वायत्तता म्हटलं त्यात कोठार भरलेलं असण्याचा काही संबंध नाही. आणि ॲरिस्टॉटलने स्वयंपूर्णतेची चर्चा केली तेव्हा लगेच बजावलं की एकट्या माणसाची स्वयंपूर्णता मला अभिप्रेत नाही, आईबाप, बायकामुलं, मित्र, सहनागरिक धरूनच ती मोजायची.

ग्युसिंगचा इतिहास या दोन शब्दांनी वाचून बघा. १९९० ते १९९६ या काळात गाव स्वयंपूर्ण मुळीच नव्हतं, तेल येतच होतं. पण दिवे बदलायचे की नाही, नळ कुठून न्यायचे, लाकूड कोणाकडून घ्यायचं, हे निर्णय गावात होत होते आणि त्याचा दर गावाच्या आवाक्यातला होता. मदत बाहेरची होती, ती भट्टी बांधण्यापुरती. रोजचा हिशेब गावातला. २००१ नंतर गावाला स्वयंपूर्ण म्हणू लागले. तेव्हा गाव आपली वीज राष्ट्रीय जाळ्यात विकत होतं, आणि तिचा भाव व्हिएन्नातल्या संसदेने ठरवलेला होता. शिवाय रस्त्यावरच्या मोटारी पेट्रोल-डिझेलवरच धावत होत्या, त्या बहुधा बेरजेत धरल्या नव्हत्या. म्हणजे ज्या दिवशी स्वयंपूर्ण असा शिक्का बसला, त्याच सुमाराला गावाच्या सर्वांत मोठ्या यंत्राचा प्राण दुसऱ्याच्या हातात गेला होता. यात कोणाचा कट नव्हता. नवं तंत्र मोठं करून बघायचं तर कोणीतरी जास्त दर द्यावाच लागतो. पण गावाचा पोशिंदा आणि देशाची प्रयोगशाळा या दोन भूमिका एकाच यंत्रावर लादल्या गेल्या, आणि प्रयोग संपला तेव्हा पोशिंदा गेल्यासारखं वाटलं.

तुम्ही म्हणाल, ऑस्ट्रिया श्रीमंत देश, आपल्याला त्याचं काय. म्हणून एक उदाहरण शेजारच्या कर्नाटकातलं देतो, ग्युसिंगच्याही आधीचं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अमूल्य रेड्डी यांनी १९७४ मध्ये 'अस्त्र' नावाचं केंद्र सुरू केलं, खेड्यांसाठी तंत्रज्ञान हा त्याचा हेतू. तुमकूर जिल्ह्यात कुणिगल तालुक्यातलं पुरा नावाचं खेडं त्यांनी घेतलं. आधी सगळ्या ऊर्जेची मोजदाद केली: किती सरपण, कोण आणतं, किती चालतं. निष्कर्ष असा की खेड्याची ऊर्जा म्हणजे मुख्यतः चूल, आणि ती बाया-पोरांच्या पायांवर चालते. मग योजना ठरली सामुदायिक गोबर गॅसची, स्वयंपाकासाठी. योजना तर्काला धरून होती, पण ती फसली. सगळ्या चुलींना पुरेल इतकं शेण गावात नव्हतं; आणि सरपण कष्टाचं असलं तरी फुकटचं होतं. गावाला विचारलं तर गावाची पहिली मागणी पाण्याची होती.

रेड्डींचं मोठेपण असं की त्यांनी गावाला पटवत बसण्याऐवजी योजना बदलली. त्याच शेणाच्या गॅसवर, थोडं डिझेल मिसळून, पाच किलोवॉटचं जनित्र चालवायचं. त्यावर कूपनलिकेचा पंप आणि घरोघरी दिवे. १९८७ मध्ये हे सुरू झालं. शेण आणून देणाऱ्याला किलोमागे दोन पैसे, आणि ते बहुधा बाईच्या किंवा मुलाच्या हातात पडत. गॅस काढून उरलेला गाळ वाळूच्या थरावर निथळून ज्याचा त्याला परत, खत म्हणून. चालवणारी पोरं गावचीच. घरात दिवा हवा, नळाला पाणी हवं, तर शेण द्यायला हवं. एकाने हात आखडला तर सगळ्यांचंच पाणी बंद. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सामाईक मालमत्तेची शोकांतिका मांडली होती. रेड्डींनी पुऱ्यावर लिहिताना तिला उलटं करून सामाईकाचं वरदान म्हटलं.

तेही कायमचं टिकलं नाही. दहाएक वर्षं चाललं आणि थांबलं. रेड्डींनी पुढे त्यातून काय शिकावं याबद्दल मोकळेपणाने लिहिलं, ते अभ्यासूंनी जरूर वाचावं. मला एवढंच दाखवायचं आहे की पाच किलोवॉटचं ते यंत्र कोणत्याही अर्थाने पुऱ्याला स्वयंपूर्ण करणारं नव्हतं. चुली सरपणावरच होत्या, डिझेल बाजारातून येत होतं. पण पाणी आधी की गॅस आधी, हे गावाने ठरवलं आणि एका मोठ्या संस्थेला ते ऐकावं लागलं.

एका श्रोत्याने आधीच चिठ्ठी पाठवली आहे: यंत्र बंद पडल्यावर ग्युसिंग पुन्हा पहिल्यासारखं झालं का? नाही. वायूचं यंत्र थांबलं. जमिनीखालचे नळ जागेवर आहेत आणि लाकडाच्या भट्टीला ते वायूचं यंत्र लागत नाही. ती त्याच्या पाच वर्षं आधीपासून होती. बुजवलेल्या फटी बुजलेल्याच आहेत. जंगलमालकांना लाकूड गोळा करून विकायची सवय लागली ती लागली. पाहुण्यांच्या बसगाड्या मात्र कमी झाल्या, हॉटेलवाल्यांचं नुकसान झालं, त्यांना हा सगळा तात्त्विक विचार सांगून काही उपयोग नाही.

उरलेली पंधरा मिनिटं तुमच्या प्रश्नांसाठी ठेवू.